पेशीपासून परिसरापर्यंत : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन आणि सोलापूर जिल्हा

(सोलापूर येथे विज्ञान शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावातील एखादी चाळिशी उलटलेली स्त्री वर्ष-दोन वर्षे दुखणे अंगावर काढते. अंगावरून जाते, कंबर धरते, पण ते कोणापुढे बोलायचे नसते. शेवटी ती अंथरूण धरते आणि एके दिवशी तिचे निधन होते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तिची नोंद होते ती 'दीर्घ आजार' किंवा 'अशक्तपणा' अशा एखाद्या शब्दाने. त्या शब्दामागे गर्भाशयमुखाचा कर्करोग असू शकतो, क्षय असू शकतो, आणखीही काही असू शकते. दप्तराला त्याचा पत्ता नसतो. दप्तराला नाही म्हणून तालुक्याला नाही, तालुक्याला नाही म्हणून शासनाला नाही. ज्या रोगाची मोजदादच झाली नाही, त्याच्यासाठी दवाखाना कोठे काढावा आणि पैसा किती ठेवावा, हे कोणी ठरवायचे?

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा या दप्तराशी काय संबंध, असे कोणास वाटेल. तो संबंध किती जवळचा आहे हे एका मराठी विदुषीच्या आयुष्यक्रमावरून चांगले उमगते. त्या म्हणजे कर्करोग व कुष्ठरोग या दोन चिवट व्याधींच्या संशोधनात आयुष्य वेचणाऱ्या डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात, समर्थ यांच्या घरी झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींना शिकवावे आणि चांगले शिकवावे, हा त्यांचा आग्रह. कमलताई हुजूरपागेच्या शाळेत शिकल्या. मुलीने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे व डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. या दोन्ही बाबतींत मुलीने आपला मार्ग निराळा निवडला. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतले, आणि १९३९ साली तिचा विवाह झाला तो ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञाशी. वडिलांची इच्छा एका अर्थी पुरी झालीच म्हणायची, कारण वैद्यकाची पदवी नसलेल्या या कन्येच्या कामाचा वैद्यकाला पुढे मोठा उपयोग झाला.

एम.एस्‌सी.साठी त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात राहून जो विषय घेतला तो सोलापूरकरांना जवळचा वाटावा असा आहे. सीताफळ, रामफळ ज्या कुळात मोडतात त्या कुळातील वनस्पतींच्या पेशी व त्यांतील गुणसूत्रे यांचा तो अभ्यास होता. १९४३ साली त्यांना ही पदवी मिळाली. बार्शीकडच्या हलक्या, माळरानी जमिनीत आज सीताफळाच्या बागा पसरल्या आहेत. त्याच कुळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता एका तरुण स्त्रीची नजर तयार झाली. पेशी वनस्पतीची असो वा माणसाची, तिच्या विभाजनाचा नियम एकच. तो नियम कोठे व का मोडतो, हा कर्करोगाचा मूळ प्रश्न होय.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथे त्यांना गुरू लाभले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. विकृतिशास्त्र, म्हणजे रोगाने शरीरात होणाऱ्या बदलांचे शास्त्र, भारतात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

खानोलकरांविषयी येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. कर्करोग हा दैवाचा घाला, अशी समजूत सर्वत्र असताना हा शास्त्रज्ञ रुग्णाच्या चालीरीतींची चौकशी करीत असे. रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय नेसतो? १९४५ साली त्यांनी एका सहकारी संशोधिकेसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशाच चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांचे वर्णन आहे. धोतर कंबरेशी वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने जेथे कातडी सतत घासली जाते, तेथेच होणारा कर्करोग त्यांनी नोंदविला. आंध्रच्या किनारी भागात चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती आणि तेथील रुग्णांत टाळूचा कर्करोग आढळे. रोगाचे मूळ कित्येकदा माणसाच्या परिसरात आणि सवयीत असते, ही जाणीव कमलताईंना गुरूकडून मिळाली.

१९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीरातून काढलेला ऊतीचा कण काचनळीत, पोषक द्रवात जिवंत ठेवायचा आणि वाढवायचा, हे ऊतिसंवर्धनाचे तंत्र गाय यांनी पुष्कळ पुढे नेले होते. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातून घेतलेल्या पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. हेला या नावाने त्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्या स्त्रीला झालेला रोग गर्भाशयमुखाचा कर्करोगच होता. तिची संमती मात्र कोणी घेतली नव्हती, आणि हे शल्य विज्ञानाला पुढे फार काळ बोचत राहिले.

मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. कमलताईंनी तेथे प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. 'उभारली' हा शब्द सोपा वाटतो. तयार पोषक द्रव बाजारात विकत मिळत नसल्याच्या त्या दिवसांत तो येथेच बनवावा लागे. हे द्रव आणि त्यांना लागणारी इतर द्रव्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी स्वतः सिद्ध केली. परदेशातून मागविलेल्या बाटलीवर अवलंबून राहणारी प्रयोगशाळा एखाद्या परवान्याअभावी बंद पडू शकते, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांना चांगले ठाऊक होते. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून धुरा वाहिली.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य धागा असा. उंदरांच्या काही वंशांत स्तनांचा कर्करोग फार आढळतो. तो आनुवंशिक म्हणावा, तर मातेच्या दुधातून पिल्लात जाणारा एक विषाणूही त्याला कारण असतो, आणि संप्रेरकांची साथ मिळाल्यावाचून त्या विषाणूचेही चालत नाही. म्हणजे एका रोगाला तीन बाजूंनी हात लागलेला असतो. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि अर्बुदजन्य विषाणू यांचा हा परस्परसंबंध ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांत कमलताईंची गणना होते. उंदराचे माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे खरे. तथापि रोग एकाच कारणाने होतो, या भाबड्या समजुतीला या प्रयोगांनी धक्का दिला.

आणखी एक काम सोलापूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखू यांचे अर्क प्रयोगप्राण्यांवर वापरून त्यांची कर्करोगजनकता तपासली. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. पानाचा विडा हा आतिथ्याचा भाग मानणाऱ्या देशात सुपारीकडे संशयाने पाहणे सोपे नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली केवळ सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले.

सोलापूर हे विडीचे गाव. गिरण्यांची भरभराट ओसरत गेली तसतसा हजारो घरांचा आधार विडीवरच उरला. घरातील स्त्री सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसते. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोरा गुंडाळायचा. लहान मूल त्याच खोलीत निजलेले असते. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, तिचे हस्तांतरण २००६ साली झाले. ती घरकुलाची योजना म्हणून ओळखली जाते. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर तंबाखूची धूळ आणि माणसाची झोप यांमध्ये एक भिंत उभी राहणे हाही मोठा उपाय होय. खेड्यापाड्यांत मिशेरीची चाल अजून आहे. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू वाटून दात घासायचे, आणि एकदाचे घासून न थांबता दिवसातून चार-पाच वेळा ती हिरड्यांवर धरायची. बायका तिला व्यसन म्हणत नाहीत, दातांचे औषध म्हणतात. प्रयोगशाळेने दिलेला निष्कर्ष या तव्यापर्यंत कोणी पोचवायचा, हा खरा प्रश्न आहे.

कुष्ठरोगावरील संशोधनात कमलताईंच्या ऊतिसंवर्धनाचा वेगळाच उपयोग झाला. कुष्ठाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली दाखवून दिला. परंतु तो काचनळीत वाढविण्यात आजतागायत कोणालाही निर्विवाद यश आलेले नाही. मुंबईच्या केंद्रात डॉ. बापट, डॉ. रणदिवे व डॉ. खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून घेतलेले जंतू मज्जातंतूंच्या ऊतीवर सिद्ध केलेल्या द्रवात वाढविले. हा कुष्ठाचाच जंतू असावा, असा त्यांचा कयास होता. जगातील तज्ज्ञांनी तो मान्य केला नाही. पुढील तपासणीत तो निराळ्या, पण जवळच्या कुळातला ठरला. येथे एखाद्याने प्रयोग गुंडाळला असता. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मात्र त्याच जंतूपासून लस तयार केली. चेंगलपट्टू परिसरात १९९० च्या दशकात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत त्या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. तोवर बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचा जोर मोडला होता, म्हणून लस सर्वत्र टोचण्याची वेळ आली नाही. २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे रुग्णांचे प्रमाण एकाहून कमी झाले. तरी नवे रुग्ण सापडणे थांबलेले नाही, आणि चट्टा पाहून तो लपविणाऱ्यांची संख्याही थोडी नाही.

१९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक मिळाले. १९८२ साली पद्मभूषण हा किताब लाभला. मानसन्मानांविषयी एवढे पुरे.

कारण त्यांच्या आयुष्याचा सर्वांत शिकण्याजोगा भाग यापुढचा आहे. १९७३ साली त्यांनी अकरा सहकारी स्त्रियांसमवेत भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना केली. विज्ञानात शिरलेल्या मुली विवाहानंतर, मुले झाल्यानंतर कामातून गळतात, याची खंत त्यामागे होती. संघाने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह, पाळणाघर अशा सोयी उभ्या केल्या. पेशींच्या अभ्यासाला पाळणाघराची गरज असते, हे एखाद्या स्त्री शास्त्रज्ञालाच सुचावे! शिवाय संघाच्या वतीने, शासनाच्या साहाय्याने, त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर व आसपासच्या आदिवासी गावांत काम सुरू केले. या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. हा सह्याद्रीच्या कुशीतला, महादेव कोळी व ठाकर समाजांचा मुलूख. पाऊस मुबलक, पण शेत डोंगरउताराचे. नाचणी-वरईचे पीक जेमतेम पुरते आणि आषाढ-श्रावणात घरात दाण्याची ओढ लागते. मुलांच्या पोषणाचा अभ्यास तेथे करायचा तो तराजू व मोजपट्टी घेऊन, घरोघर जाऊन. सूक्ष्मदर्शकाने जे दिसत नाही ते चुलीपाशी बसल्यावर दिसते.

निवृत्तीनंतर हेच काम त्यांचे मुख्य काम झाले. गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे व पोषणाचे प्राथमिक शिक्षण देऊन त्यांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे, ही त्यांची पद्धत. तज्ज्ञ येतो, महिनाभर राहतो, अहवाल लिहितो आणि जातो. अहवाल ग्रंथालयात राहतो आणि गाव होते तेथेच असते. गावची बाई मात्र तेथेच नांदते. तिला आले ते गावात टिकते. परिसराचे रक्षण असो वा आरोग्याचे, जे काम परिसरातल्या माणसाच्या हाती सोपविले जात नाही ते अनुदानाबरोबर संपते. २००१ साली कमलताईंचे निधन झाले. त्यापूर्वी आशा कार्यकर्तीची कल्पना शासकीय योजनेत आलेली नव्हती. ती योजना २००५ साली आली.

आता सोलापूर जिल्ह्याकडे वळावे. कारण प्रयोगशाळेने गाव गाठण्याचा एक मोठा प्रयोग बार्शीत झाला. तो दुसऱ्यांच्या हातून झाला, पण ज्या टाटा स्मारक केंद्राच्या परिवारात कमलताईंचे आयुष्य गेले, त्याच्याच साहाय्याने झाला.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या जिल्ह्यातील परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. डॉ. कस्तुरी जयंत व डॉ. बी. एम. नेने ही या कामातील प्रमुख नावे. शहरात नोंदणी करणे तुलनेने सोपे. रुग्णालये, प्रयोगशाळा, मृत्यूचे दाखले यांतून माहिती गोळा करता येते. खेड्यात रुग्ण रुग्णालयात पोचतच नाही, तर नोंद कशाची करणार? म्हणून बार्शीच्या कर्मचाऱ्यांनी उलटा मार्ग धरला. ते ठराविक काळाने गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, जाणती माणसे यांना भेटत, कर्करोगाची लक्षणे समजावून देत, आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी बार्शीला येण्यास प्रवृत्त करीत. नोंद आणि प्रबोधन असे दोन्ही एका फेरीत होई.

या नोंदणीतून दोन गोष्टी पुढे आल्या. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत आघाडीवर होता. आणि गावोगाव माहिती पोचू लागताच स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. नवे यंत्र आणले नव्हते, नवे औषध सापडले नव्हते. केवळ सांगणारे माणूस गावात गेले होते.

पुढचे पाऊल १९९९ साली पडले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला गेला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. गावसमूहांचे चार गट केले. एका गटात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची तपासणी झाली, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी झाली, तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी पद्धत वापरली गेली, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा उपलब्ध राहिली. तपासणीला येण्यासाठी स्त्रियांचे मन वळविणे हे सर्वांत अवघड काम होते. पुरुष माणसासमोर जे बोलता येत नाही, ते परिचारिकेने, शेजारच्या बाईने बोलून दाखविले, तेव्हाच दार उघडले.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या काळात एचपीव्ही तपासणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ दगावल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. या अभ्यासात पॅप व अ‍ॅसेटिक आम्लाच्या पद्धतींनी मृत्यूंत तशी लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत मात्र दर दोन वर्षांनी वारंवार केलेल्या आम्लतपासणीने मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे पुढे दिसून आले. म्हणजे साधी पद्धत टाकाऊ नाही, पण ती एकदा करून विसरण्याजोगी नाही.

ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्या स्त्रियांचे काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला आणि त्यावर वाद झाला. तो वाद योग्यच होता. त्या चौसष्ट जणींपैकी कित्येकींचे प्राण वाचू शकले असते, हे निष्कर्षाच्या त्याच तक्त्यात लिहिलेले आहे. हेन्रिएटा लॅक्सच्या संमतीचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. ज्यांच्या अंगावर ज्ञान उभे राहते, त्यांच्यापर्यंत त्याचे फळ प्रथम पोचले पाहिजे. शासनाने २०१६ साली तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या सूचना दिल्या. पुण्याच्या सीरम संस्थेने सिद्ध केलेल्या एचपीव्हीच्या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. विषाणू ओळखला गेला, चाचणी आहे, लस आहे. उरते ते उपकेंद्रापर्यंतचे दोन मैल आणि घरातल्या माणसांची परवानगी.

येथे पंचायत सदस्यांचा व शिक्षकांचा भाग येतो. तपासणीच्या दिवशी उपकेंद्रात आडोशाची खोली, पाण्याची बादली व स्वच्छ चादर असावी, ही व्यवस्था ग्रामनिधीतून होऊ शकते. तपासणीचा दिवस बाजाराचा किंवा खुरपणीच्या हंगामाचा नसावा, हे गावकऱ्यांखेरीज दुसरे कोण सांगणार? नववी-दहावीच्या जीवशास्त्राच्या तासाला पेशीविभाजन शिकविताना शिक्षकाने मिशेरीचा तवा उदाहरणादाखल घेतला, तर तो धडा त्याच संध्याकाळी घरी पोचतो. मुलगी आईला सांगते ते आई ऐकते. निदान ऐकून घेते.

आणि दप्तर. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. मृत्यूची वर्दी देण्यास घरचे माणूस येते तेव्हा दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या जागी होते, कोणत्या डॉक्टरांनी पाहिले, कागद आहेत काय, एवढे चार प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे लागतात. त्या घरी दुःखाची वेळ असते, म्हणून ते हळुवारपणे विचारावे लागतात, पण विचारावे लागतात. बार्शीच्या नोंदणीचे कर्मचारी गावात आले की ग्रामपंचायतीची मृत्यूंची वही उघडून बसतात आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारतात : या बाईंना काय झाले होते? वहीत उत्तर असेल तर दुपारपर्यंत तीन गावे होतात. नसेल तर त्यांना त्या घराचा उंबरा शोधत जावे लागते, आणि कधी कधी घराला कुलूप असते, माणसे ऊसतोडीला गेलेली असतात.